रुग्णवाहिका येईपर्यंत

वसतिगृहाच्या जुन्या इमारतीत राहिलेल्या माजी विद्यार्थ्यांना पावसाळ्यातील रात्री आठवत असतील. फरशीवर ओळीने अंथरलेल्या सतरंज्या, कौलांतून ठिबकणारे पाणी आणि जेवणे होताच गेलेली वीज. अशाच एका रात्री तीनच्या सुमारास सातवीतील एक मुलगा पोट दुखते म्हणून उठला. आम्ही त्याला ओवा-मीठ दिले, पोट शेकले आणि पुन्हा निजविले. पहाटे त्याच्या पापण्या आपोआप मिटू लागल्या आणि तोंडातील लाळ त्याला गिळवेना. तेव्हा कुठे आमच्यापैकी एकाच्या मनात सर्पदंशाची शंका आली. अंगावर सूज नव्हती. दंशाची खूण शोधूनही सापडली नाही.

तो मण्यार सापाचा दंश होता.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर बेतणारे साप मुख्यत्वे चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस चावला तर वेदना आणि सूज लपत नाहीत. मण्यार मात्र रात्री फिरणारा साप आहे. जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात तो शिरतो आणि त्याचा दंश पुष्कळदा झोपेतल्या माणसाला जाणवतही नाही. पोटात कळ येणे हे त्याचे आरंभीचे लक्षण असू शकते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश तोडते. आधी पापण्या, मग गिळणे व बोलणे आणि अखेरीस श्वास बंद पडतो. हृदय त्यानंतरही काही काळ चालू असते. म्हणून श्वास थांबल्यावर दुसऱ्या कोणी तो देत राहिले, तर प्रतिविष व श्वसनयंत्र मिळेपर्यंत रुग्ण तग धरू शकतो. आमचा विद्यार्थी याच कारणाने वाचला. रुग्णवाहिकेतील डॉक्टर जिल्ह्याच्या गावापर्यंत हाताने पिशवी दाबत त्याला श्वास देत राहिले. पुढे चार दिवस तो श्वसनयंत्रावर होता.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून सुरू आहे. आरंभी तिच्या ९३७ गाड्या होत्या आणि त्यांपैकी २३३ श्वसनयंत्रासारख्या प्रगत साधनांनी सज्ज होत्या. गाडी येते, पण आडवाटेच्या गावात ती पोहोचेपर्यंतचा वेळ कोणाचा, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडून तो वेळ वाया गेला, हे येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. ‘आश्रमशाळेजवळ या’ एवढेच आम्ही दूरध्वनीवर सांगितले आणि त्याच रस्त्यावर दुसरीही आश्रमशाळा आहे! गाडी तिकडे गेली. दरम्यान कोणी मुलाच्या पायाला सुतळी आवळण्याचा, तर कोणी मांत्रिकाला बोलावण्याचा आग्रह धरीत होते. आवळून बांधल्याने विष थांबत नाही, उलट तो अवयव गमावण्याची भीती असते. कापणे, चोखणे हेही तसेच घातक. दंश झालेला हात वा पाय लाकडी पट्टीच्या आधाराने स्थिर ठेवावा, रुग्णास चालू देऊ नये आणि लाळ साचत असेल तर त्याला कुशीवर निजवावे. साप मारून सोबत नेण्याचीही आवश्यकता नाही, कारण आपल्याकडील प्रतिविष या चारही सापांवर चालते.

या प्रतिविषाविषयी आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानी घ्यावी. मुलालाही प्रौढाइतकीच मात्रा लागते. साप वय पाहून विष सोडीत नाही. पहिली मात्राच आठ ते दहा कुप्यांची असते. तेव्हा आपल्या आरोग्य केंद्रात तेवढ्या कुप्या आहेत काय आणि रात्री डॉक्टर असतात काय, ही चौकशी ग्रामसभेने मृगाच्या आधीच करावी. मध्यरात्री रुग्णाला घेऊन दाराशी गेल्यावर ती करण्यात अर्थ नसतो.

ग्रामीण आरोग्य केंद्रातून काय घडू शकते, याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. महाड तालुक्यातील बिरवाडी येथे काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले. प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीने कोकणातील लाल विंचवाचे रुग्ण वाचू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. लॅन्सेटसारख्या नियतकालिकाने त्यांचे निष्कर्ष छापले. मोठ्या शहरातील मोठ्या यंत्रांविना हे घडले, याचे आम्हांस विशेष वाटते.

आम्ही केले ते याहून पुष्कळच साधे आहे. प्रत्येक अंथरुणावर मच्छरदाणी आली आणि तिच्या कडा गादीखाली खोचण्याची शिस्त लागली. डासांइतकीच ती मण्यारलाही अडविते. स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवे लागले. दूरध्वनीजवळच्या फळ्यावर गाव, तालुका, फाटा आणि ओळखीची खूण ठळक अक्षरांत लिहिली आहे. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही, हे आम्ही पाहिले आहे. एकाने १०८ ला कळवायचे, दुसऱ्याने विजेरी घेऊन फाट्यावर उभे राहायचे, तिसऱ्याने रुग्णाजवळून हलायचे नाही, अशी वाटणी ठरलेली आहे. आठवीपासूनच्या मुलामुलींना वैद्यकीय अधिकारी वर्षातून दोनदा बाहुलीवर श्वास देण्यास शिकवितात.

पहिल्या वर्षी ती बाहुली मागून आणावी लागली होती. यंदा एका माजी तुकडीने वर्गणी काढून शाळेसाठी स्वतंत्र बाहुली घेतली. पापण्या मिटत चाललेला तो मुलगा त्याच तुकडीतला.