मगरी पहिल्या पानावर

पोलादपूरच्या शाखेत असताना एका तरुण वार्ताहराशी स्नेह जडला, तो आजही टिकून आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. यानं शोधकार्याची नेमकी बातमी धाडली. कचेरीतून फोन आला, "अहो, नदीत मगरी आहेत ना? त्या वर घ्या!"

मगरी होत्या, खोटं काहीच नव्हतं. पण काठावर लेकाची वाट बघणाऱ्या आईनं ते वाचलं तर? त्यानं मगरी शेवटच्या ओळीत ठेवल्या. छापताना त्या मथळ्यात गेल्या.

आणि वाचकहो, सकाळी मीही तोच मथळा आधी वाचला.