आकडा काय सांगतो?

जगातील नवलाईचे आकडे वाचावयास कोणाला आवडत नाहीत? सर्वांत उंच पर्वत, सर्वांत वेगवान पक्षी, सर्वांत मोठा प्राणी अशी माहिती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापलेली दिसली, की बातम्या बाजूस ठेवून आपण ती आधी वाचतो आणि भेटेल त्याला सांगतो. मात्र सांगताना आकडा तेवढा ध्यानात राहतो. तो कसा निघाला हे विचारण्याचे राहून जाते.

वास्तविक असे बहुतेक आकडे तीन वाटांनी आपल्यापर्यंत येतात. काही मोजलेले असतात, काही गुणाकाराने काढलेले असतात आणि काही भागाकाराने. हुबळीच्या दाजीबानपेठेतील एखाद्या व्यापाऱ्यास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. कापड तो मोजून देतो, किंमत गुणून सांगतो आणि वर्षअखेर भागीदारांत नफा भागून घेतो. पेठेतील हीच रीत नवलाईच्या आकड्यांना लावून पाहू.

प्रथम मोजलेला आकडा घेऊ. त्यासाठी हुबळी सोडून जाण्याचे कारण नाही. येथील श्री सिद्धारूढ स्वामी रेल्वे स्थानकावर १२ मार्च २०२३ रोजी ज्या फलाटाचे उद्घाटन झाले, त्याची लांबी १५०७ मीटर आहे. जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याची नोंद झाली. तत्पूर्वी हा मान गोरखपूरच्या १३६६ मीटर लांबीच्या फलाटाकडे होता. १५०७ मीटर म्हणजे किती? ताशी पाच किलोमीटर या बेताने चालणाऱ्या माणसास या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यास अठरा मिनिटे लागतील. चोवीस डब्यांची गाडी साधारण साडेपाचशे मीटर लांब भरते. तेव्हा अशा दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तरी फलाट उरतोच. हुबळी हे अनेक दिशांना मार्ग फुटणारे जंक्शन असल्यामुळे एकाच फलाटावरून दोन गाड्या हाताळता येण्याची सोय येथे मोलाची आहे.

मोजलेल्या आकड्यास एकच प्रश्न विचारावा लागतो : कोठून कोठवर मोजले? कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६४ किलोमीटरवर आहे. परंतु नदी पश्चिमेकडे पाठ फिरवून सुमारे १४०० किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. समुद्र ६४ किलोमीटरवर हेही खरे आणि १४०० किलोमीटरवर हेही खरे. हुबळीच्या परिसरातील बेण्णीहळ्ळ मलप्रभेस आणि मलप्रभा कृष्णेस मिळते, म्हणून तिचे पाणीही पूर्वेकडेच जाते. उलट शेजारच्या धारवाडात सोमेश्वरापाशी उगम पावणारी शाल्मला बेडतीस मिळून अरबी समुद्र गाठते. अशा रीतीने या जोडशहराच्या आसमंतात पडलेला एकच पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो.

आता गुणाकाराचे आकडे. निरोगी माणसाचे हृदय मिनिटास सुमारे ७२ वेळा पडते असे धरले, तर दिवसाचे १,०३,६८० ठोके होतात आणि सत्तर वर्षांचे सुमारे २६५ कोटी. उंदराचे हृदय मिनिटास सुमारे ६०० वेळा धडधडते, पण त्याचे आयुष्य दोनेक वर्षांचे. हत्तीचे हृदय मिनिटास तीसच ठोके देते, पण तो साठ वर्षे जगतो. गुणून पाहा : उंदराचे ६३ कोटी, हत्तीचे सुमारे ९५ कोटी. शरीराच्या आकारात एवढे अंतर असूनही ठोक्यांच्या हिशेबात दोघे कितीतरी जवळ येतात!

हृदय मिनिटास साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे दिवसास ७२०० लिटर, पाण्याचा एक टँकर भरावा एवढे. परंतु आपल्या अंगात ७२०० लिटर रक्त आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. रक्त पाचच लिटर. तेच पुनःपुन्हा फिरते. गुणाकाराने आलेला आकडा दिपवून टाकतो. म्हणून कशाला कशाने गुणले, हे विचारावे.

सर्वांत जपून वाचावयाचा आकडा भागाकाराचा, म्हणजे सरासरीचा. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. २०१६ ते २०२० या काळाच्या पाहणीत ते ७० वर्षे भरले. हे वाचून अनेकांची समजूत होते, की त्या काळी माणसे तिशी ओलांडताच म्हातारी होऊन मरत असत. मग नातवंडे मांडीवर खेळविणारे आजी-आजोबा त्या घरांतून कोठून आले? एक लहानसा हिशेब करू. एका घरी दोन मुले झाली. एक पाळण्यातच गेले आणि दुसरे ६४ वर्षे जगले. दोघांची सरासरी ३२. पण बत्तिसाव्या वर्षी त्या घरात कोणीच वारले नाही.

प्रत्यक्षात प्रौढांचे आयुष्यही तेव्हा आजच्याहून कमीच होते. साथी, बाळंतपणे आणि क्षय यांनी ऐन तारुण्यातही माणसे जात. परंतु सरासरी एवढी खाली ओढली ती मुख्यत्वे बालमृत्यूंनी. दर हजार बालकांपैकी सुमारे दीडशे, म्हणजे सातांतील एक, पहिला वाढदिवस पाहत नसे. लसी, शुद्ध पाणी, सुरक्षित बाळंतपण आणि औषधोपचार यांनी ती मुले वाचू लागली, तसे आयुर्मान चढले. ३२ चे ७० होण्यात म्हाताऱ्यांचे आयुष्य वाढण्याहून मुलांचे जगणे अधिक आहे.

२०२० साली हे प्रमाण हजारी २८ वर आले होते. आकडा लहान दिसतो. परंतु आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बालके जन्मास येतात. तेव्हा हजारी २८ म्हणजे वर्षाला साडेपाच लाखांहून अधिक घरांतील पाळणे रिकामे होणे. येथे भागाकार उलटा फिरवून गुणाकार केला, तेव्हाच लहान दिसणाऱ्या आकड्याचे खरे वजन कळले.

म्हणून नवलाईचा आकडा कानी आला, तर नवल अवश्य करावे. तो आनंद सोडण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्यास सांगण्यापूर्वी तो मोजलेला आहे, गुणलेला आहे की भागलेला आहे, एवढे पाहून घ्यावे. फलाटाच्या बाबतीत चूक झाली, तर फार तर गप्पांत हसे होईल. पण ज्या आकड्यांमागे माणसे उभी असतात, ते चुकीचे वाचले, तर पुढे कोणते काम करावयाचे राहिले आहे, हेच आपल्याला दिसणार नाही.