गजकर्ण नव्हे, नागीणही नव्हे

जुलैत ओल्या जीन्सवर वाशी-पनवेल लोकल गाठणाऱ्याला जांघेतली खाज नवी नाही. मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणली, लावली, विषय संपला. पण प्रत्येक खाज गजकर्णाची नसते.

जननेंद्रियाच्या हर्पिसमध्ये आधी एखाद्या जागी चुणचुण, जळजळ होते. मग साबुदाण्याहूनही बारीक पाणीदार फोड झुपक्याने उठतात, फुटतात, दुखरे व्रण उरतात. त्यांना लघवी लागली की आग होते. पहिल्या खेपेला तापही येतो, जांघेत अवधाण येते. संसर्गानंतर साधारण 2 ते 12 दिवसांत हे दिसते. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही, आणि तरीही लागण पसरू शकते. नागिणीचा विषाणू याच कुळातला, पण वेगळा. एकच, न दुखणारा व्रण असेल तर सिफिलिसची शंका घ्यावी.

स्टेरॉइडच्या ट्यूबने हर्पिसचा त्रास बिघडतो. फोड ताजे असतानाच डॉक्टरांना दाखवा, निदान सोपे जाते. विषाणू शरीरातून जात नाही, पण असायक्लोव्हिरने त्रास लवकर आटोपतो. गरोदर बाईने तर हे लपवूच नये. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये उपचार मोफत मिळतात; माहितीसाठी हेल्पलाइन 1097.