मिलानचा सप्टेंबर, रोमचा डार्विन
इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉकचे मानदंड ठरलेले दोन अल्बम १९७२ या एकाच वर्षी आले, पण स्वभावाने ते अगदी भिन्न.

मिलानच्या ‘प्रेमिआता फोर्नेरिया मार्कोनी’ या बँडचा ‘स्तोरिया दि उन मिनुतो’ सुरेलपणाकडे झुकतो. त्यातल्या ‘इम्प्रेसिओनी दि सेत्तेंब्रे’त ध्रुवपदाला शब्दच नाहीत, तिथे मूग सिंथेसायझर उसळून येतो आणि अंगावर काटा उभा राहतो.

रोमच्या ‘बांको देल मुतुओ सोक्कोर्सो’ने ‘दार्विन!’मध्ये अख्खा अल्बम उत्क्रांतीवर बेतला. पहिलंच गाणं सुमारे १४ मिनिटांचं! नोचेंझी बंधूंचे ऑर्गन आणि पियानो एकमेकांना भिडतात, त्यावर फ्रान्चेस्को दि जाकोमोचा ऑपेराच्या वळणाचा भरदार आवाज. कान सरावायला वेळ लागतो, पण खोली इथेच जास्त.

परदेशी लोकप्रियता मात्र मिलानकरांना मिळाली. १९७३ मध्ये पीट सिनफिल्डच्या इंग्रजी शब्दांसह त्यांचा ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ आला.