मिशीवाला मासा, पिसाचा गळ आणि आपला ओढा



ऊसविकास खात्याने लागणीवर लिहावं, खोडव्यावर लिहावं, फार तर हुमणीवर लिहावं, अशी आपल्या अंकाची रीत. माशांवर लिहिलेलं पाहून काही मंडळी म्हणतील, ‘गळीत संपलं, साहेबांना आता काम उरलं नाही वाटतं!’ पण हा अंक मृगाच्या तोंडावर आपल्या हाती पडत आहे. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी सरीतून चरात आणि चरातून ओढ्यात उतरेल, आणि त्याच पाण्याला सामोरा जाऊन एक जीव ओढ्यातून वर, आपल्या बांधापर्यंत चढू पाहील. त्याची ओळख करून द्यावी म्हणून हा लेख. ती ओळख आम्हाला पटली पेण-रोह्याकडे, म्हणून आधी तिकडची हकिगत सांगतो.

घाटाखालचं पाणी

भातशेती आणि शेततळी पाहण्याच्या निमित्ताने आमच्या शेतकी खात्यातल्या काही जणांचं मागच्या मे महिन्याच्या अखेरीस रायगड जिल्ह्यात जाणं झालं. पेणला भोगावती, नागोठण्याला अंबा आणि रोह्याला कुंडलिका अशा तीन नद्या आम्ही पाहिल्या. तिन्ही सह्याद्रीवरून उतरतात आणि थोडक्या वाटेत खाडीला मिळतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख. आपल्याकडे एवढा पाऊस व्हायला चार-पाच वर्षं लागतात!

यातली कुंडलिका आपल्याला अगदीच परकी नाही. पुणे जिल्ह्यात मुळशीला मुळा नदीवर टाटांचं धरण आहे. ते होऊ नये म्हणून सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी १९२१ पासून सत्याग्रहाला बसले होते, हे जुन्या मंडळींनी ऐकलं असेल. त्या धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून कुंडलिकेला मिळतं. वीजघर १९२७ साली सुरू झालं. म्हणजे जे पाणी एरवी मुळेतून भीमेला, आपल्या ऊसपट्ट्याला यायचं, त्यातलं बरंचसं आज कोलाड-रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला जातं. या पाण्यामुळेच ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते.

मिशा कशासाठी?

या नद्यांत आणि भाताच्या खाचरांत मिशीवाल्या माशांचं एक मोठं घराणं राहतं. मांगूर, शिंगी, शिंगटी, शिवडा ही त्यातली नावं. अंगाला खवले नाहीत, कातडी बुळबुळीत, डोळे बारके आणि तोंडाभोवती मिशा. या मिशा शोभेच्या नाहीत. त्या मिशांवर आणि अंगाच्या कातडीवरही चव कळणारे बिंदू असतात. आपल्याला चव जिभेवर कळते, या माशाला अंगभर कळते. गढूळ पाण्यात, रात्रीच्या काळोखात, तळाच्या चिखलात काय आहे ते तो चाखत चाखत ओळखतो.

मांगूर आणि शिंगीची आणखी एक खुबी. त्यांना कल्ल्यांशिवाय हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. मांगुराच्या कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो, तर शिंगीच्या पाठीत दोन लांब पिशव्या असतात. त्यामुळे डबकं आटत आलं, पाण्यातला प्राणवायू संपला, तरी हे मासे मधूनच वर येऊन हवा घेतात आणि तग धरतात. मांगूर तर ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो.

गळाला पीस, आणि एक सवाल

कोलाडच्या अलीकडे नदीकाठी संध्याकाळी एक मुंबईकर निवृत्त गृहस्थ भेटले. हातात लांब लवचीक काठी, जाडसर दोरी आणि टोकाला गळ, पण गळाला गांडूळ नाही, पीठ नाही. काळं पीस आणि लोकर दोऱ्याने बांधून केलेला एक खोटा किडा! या प्रकाराला परदेशात फार मान आहे. रोमन लेखक ईलियन याने अठराशे वर्षांपूर्वी मॅसिडोनियातले लोक तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसं गळाला बांधून मासे धरतात, असं लिहून ठेवलं. आपल्याकडे हा छंद इंग्रजांनी आणला. मद्रास इलाख्यातल्या एच. एस. थॉमस या अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. त्यांची नजर मुख्यतः महसीर माशावर होती.

यात मेख अशी की पिसाला वजन नसतं. म्हणून दोरीच वजनदार घेतात, ती चाबकासारखी मागे-पुढे फिरवतात आणि पीस अलगद पाण्यावर टाकतात. वरवरचे किडे टिपणारा, डोळस मासा त्याला फसतो. मिशीवाला मासा मात्र डोळ्यांपेक्षा चवीवर चालणारा. पिसाला ना वास, ना चव. मग तो कशाला येईल? त्या गृहस्थांनी सांगितलं, ‘म्हणून पीस बुडवायचं. गळाला छोटा मणी घालून तळाला न्यायचं, जळूसारखं सावकाश ओढायचं. वेळ तिन्हीसांजेची. पाणी हललं की माशाला अंगाने कळतं.’

शेजारीच एक कातकरी आजोबा बसले होते. बांबूची काठी, गळाला गांडूळ. ते हसून म्हणाले, ‘साहेब, याला डोल्यांनी नाय, मिशीनं दिसतं.’ तासाभरात त्यांच्याकडे दोन शिंगट्या झाल्या. अंधार पडता पडता पिसालाही एक वीतभर शिंगटी लागली. गृहस्थांनी हात ओला केला, गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला. गळाच्या टोकामागचा उलटा काटा त्यांनी आधीच चिमट्याने दाबून बसवला होता, त्यामुळे गळ चटकन निघाला. आजोबांना काही ते पटेना. ‘सोडायचा व्हता तं धरला कशाला?’

या सवालाचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं. एकाचा छंद, दुसऱ्याच्या घरचं रात्रीचं कालवण. पण परत येताना गाडीत आमचं बोलणं झालं ते असं : पीस असो की गांडूळ, दोघेही एका वेळी एकच मासा धरत होते. नदीचं वाटोळं या दोघांनी केलेलं नाही.

मग वाटोळं कशाने?

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. रायगडात याला वलगण म्हणतात, आपल्याकडे चढणीचे मासे. पोटात अंडी असतात आणि ती घालायला उथळ, नवं पाणी हवं असतं. मांगूर भातखाचरात, बांधाच्या कडेच्या बिळात अंडी घालतो आणि नर त्या अंड्यांची राखण करतो. नेमक्या याच दिवसांत माणूस अरुंद जागा गाठून ओढा काठापासून काठापर्यंत जाळ्याने बंद करतो. एका रात्रीत पाट्या भरतात. पण त्या पाटीत पुढच्या साली येणारे हजारो मासेही गेले, हे कोणी मोजत नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते ती याच कारणाने. ओढ्यावर अशी राखण कोण करणार? देशी मांगुराची गणना आज धोक्यात आलेल्या जातींमध्ये होते.

त्याहून वाईट म्हणजे डोहात पावडर किंवा कीटकनाशक ओतणं आणि सुरुंग लावणं. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून हा गुन्हा आहे, तरी तो थांबलेला नाही.

तिसरं कारण कारखानदारीचं सांडपाणी. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नद्यांच्या ३५१ पट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, आणि त्यात कुंडलिका आहे. पण मंडळी, बोट दाखवण्याआधी पुढचं वाचा. त्याच यादीत भीमा आहे, कृष्णा आहे, गोदावरी आहे. हा आपला ऊसपट्टा. साखर कारखान्यांचं आणि आसवनीचं सांडपाणी, गावांची गटारं आणि शेतातून वाहून येणारी औषधं हे सगळं त्यात आलं. कारखान्याने आपलं सांडपाणी आपल्या हद्दीत जिरवावं, हे विचारायचा हक्क सभासदाला आहे आणि तो त्याने वार्षिक सभेत बजावावा. पण शेतातलं पाणी ज्याचं त्यानेच पाहायचं आहे.

इथे मिशीवाल्या माशाची एक गोष्ट ध्यानात घ्या. मळीचं किंवा गटाराचं पाणी ओढ्यात आलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. रोहू, कटला आधी मरतात. मांगूर हवा घेऊन तग धरतो. लोक म्हणतात, ‘मासे आहेत की, ओढा चांगला आहे.’ ती फसगत आहे. आणि विषापुढे त्याचीही मात्रा चालत नाही. ज्याला अंगभर चव कळते, जो चिखलातच राहतो आणि चिखलातच अंडी घालतो, त्याच्या वाट्याला तळाशी बसलेलं औषध सगळ्यांत आधी येतं.

आपण काय करावं?

सुरू उसाची मोठी बांधणी मे-जूनमध्ये येते. खत आणि दाणेदार कीटकनाशक त्याच वेळी पडतं, आणि वलगणही त्याच वेळी. म्हणून आमची विनंती :

१. आभाळ भरून आलेलं असताना दाणेदार औषध टाकू नका. टाकलं तर लगेच मातीआड करा. उघड्यावरचं औषध हुमणीला लागण्याआधी ओढ्याला लागतं. पैसाही तुमचाच वाहून जातो.

२. फवारणीचा पंप ओढ्यात, विहिरीच्या काठावर धुऊ नका. रिकाम्या डब्या पाण्यात फेकू नका. कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारक असतात.

३. पहिल्या पावसाचे दोन-तीन आठवडे ओढ्याच्या तोंडाला आडवं जाळं लावू नका. गळाला अंड्यांनी पोट फुगलेला मासा लागला तर ओल्या हाताने सोडून द्या.

४. शेततळ्यात मासे पाळणारे सभासद वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ‘थाई मांगूर’ या नावाने मिळणारं बीज घेऊ नका. तो मूळचा आफ्रिकेतला मासा. तो देशी मांगुरापेक्षा कितीतरी मोठा होतो आणि पुरात तळ्यातून निसटला तर ओढ्यातले बाकीचे मासे फस्त करतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर आपल्या राज्यात, उजनीच्या परिसरातही, त्याचे साठे नष्ट करण्यात आले. बीज मत्स्यविभागाच्या केंद्रातूनच घ्यावं.

५. तलाव-जलाशयात गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला विचारा. ठेका बहुधा त्यांचा असतो. आपण सहकारवाले, दुसऱ्या सहकारी संस्थेचा हक्क आपण नाही राखायचा तर कोणी?

६. मुलं ओढ्यावर जातात, त्यांना शिंगी ओळखायला शिकवा. तिच्या पुढच्या परांतला काटा विषारी असतो. तो लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरावा, कळ कमी होते. सूज वाढली तर दवाखाना गाठावा.

शहरी माणसाने पिसाने मासा धरावा आणि सोडावा, कातकरी आजोबांनी गांडुळाने धरावा आणि खावा. दोन्ही चालायला ओढ्यात मासा असावा लागतो. ओढ्याकाठी शेती असलेल्या सभासदांनी यंदाच्या पहिल्या पावसात आपल्या बांधापर्यंत कोणकोणते मासे चढले, पूर्वी कोणते चढत होते आणि आता दिसत नाहीत, हे आपल्या गट कार्यालयात शेतकी मदतनीसाकडे जरूर नोंदवावं. गटवार नोंदी जमल्या की पुढच्या एका अंकात त्या छापू. कोणत्या ओढ्याकडे आधी लक्ष द्यायचं, हे त्यावरून आपल्या सर्वांनाच कळेल.

— ऊसविकास अधिकारी, शेतकी विभाग