आज्ञा आणि तिचे उत्तर : 'रिटर्निंग' या पदाविषयी

माहितीसंग्रहाशी, म्हणजे व्यवहारात ज्यास डेटाबेस म्हणतात त्याच्याशी, एसक्यूएल या भाषेत बोलणारा मनुष्य एक तर काही विचारतो, नाही तर काही करावयास सांगतो. 'सिलेक्ट' या शब्दाने आरंभ होणारे वाक्य ही पृच्छा होय. 'इन्सर्ट', 'अपडेट' आणि 'डिलीट' या आज्ञा होत. त्यांनी अनुक्रमे नवी ओळ घातली जाते, असलेली ओळ बदलली जाते आणि नको ती काढून टाकली जाते. १९७४ साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत चेंबरलिन व बॉइस यांनी 'सीक्वेल' या नावाने जिचा आराखडा मांडला, तीच ही भाषा. तिच्या रूढ स्वरूपात पृच्छेला उत्तर मिळते. आज्ञेला मात्र 'इतक्या ओळींवर परिणाम झाला' एवढी पावतीच काय ती मिळते.

ही पावती अपुरी का पडते, हे कोशकार्याच्या उदाहरणावरून सहज ध्यानी येईल. समजा, एका कोशाच्या चिठ्ठ्या अशा संग्रहात साठविल्या आहेत आणि अनेक संपादक एकाच वेळी त्यांवर काम करीत आहेत. एकाने 'पडवी' या शब्दाची नवी चिठ्ठी घातली. तिचा क्रमांक त्याने ठरविलेला नाही. तो संग्रहाने आपोआप दिला. पुढे या चिठ्ठीस अवतरणे जोडावयाची तर तो क्रमांक हवा. 'सर्वांत मोठा क्रमांक कोणता' असे लगेच विचारून तो मिळेल, ही समजूत नवख्यांत फार आढळते. परंतु आज्ञा आणि पृच्छा यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या संपादकाने 'ओसरी'ची चिठ्ठी घातली असेल, तर पडवीची अवतरणे ओसरीला जाऊन चिकटतात. यंत्र अशा वेळी कोणतीही तक्रार करीत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने बिनचूक दिलेले असते. प्रश्नच वेगळा विचारला गेलेला असतो.

पोस्टग्रेस या संग्रहव्यवस्थेच्या ८.२ या आवृत्तीत, २००६ च्या डिसेंबरात, यावर उपाय आला. आज्ञेच्या अखेरीस 'रिटर्निंग' हे पद जोडून त्यापुढे हव्या त्या स्तंभांची नावे द्यावयाची. आज्ञाशब्द देवनागरीत लिहिल्यास वाक्य असे दिसेल :

इन्सर्ट इन्टू चिठ्ठ्या (शब्द) व्हॅल्यूज ('पडवी') रिटर्निंग क्रमांक;

परत येणारा क्रमांक याच ओळीचा असतो, कारण पृच्छा आज्ञेच्या पोटातच सामावली आहे. केवळ क्रमांकच नव्हे, तर न सांगता भरली गेलेली वेळ, किंवा ओळ लिहिली जाण्यापूर्वी एखाद्या ट्रिगरने केलेली दुरुस्ती, हेही उत्तरात उतरते. वाक्यरचनेच्या दृष्टीने येथे एक गंमत आहे. मराठीत हाच आशय 'चिठ्ठी घालून तिचा क्रमांक सांग' असा येईल. म्हणजे घालणे हे धातुसाधितात जाईल आणि सांगणे हे मुख्य क्रियापद होईल. एसक्यूएलमध्ये घालणे हेच मुख्य राहते आणि सांगणे धातुसाधिताच्या रूपाने मागून येते. दोन्हींकडे दोन क्रिया एका वाक्यात बांधल्या जातात. फक्त प्राधान्य उलटते.

खरा अर्थविचार मात्र 'अपडेट'पाशी सुरू होतो. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त कर्माचे जे तीन प्रकार मानले आहेत, ते येथे आश्चर्यकारक रीतीने उपयोगी पडतात. जे क्रियेनेच अस्तित्वात येते ते निर्वर्त्य, जसा कुंभाराचा घट. जे आधी असते व क्रियेने बदलते ते विकार्य. आणि ज्यावर क्रियेचा काहीच परिणाम दिसत नाही ते प्राप्य, जसे पाहिलेला सूर्य. 'सिलेक्ट'चे कर्म प्राप्य आहे. 'इन्सर्ट'चे निर्वर्त्य आहे. विकार्याचे पुन्हा दोन भेद सांगितले जातात : लाकडाची राख व्हावी तसे मूळ वस्तू नाहीशी होणे, आणि सोन्याचे कुंडल व्हावे तसे तीच वस्तू टिकून नवा गुण येणे. पहिल्याच्या जवळ 'डिलीट', दुसऱ्यात 'अपडेट'. ही वाटणी ओढूनताणून केलेली नाही. परत येणाऱ्या मूल्याची अडचण नेमकी याच भेदांनुसार बदलते. निर्माण झालेल्या ओळीला पूर्वरूप नाही आणि नाहीशा झालेल्या ओळीला उत्तररूप नाही, म्हणून तेथे संदिग्धता नाही. बदललेल्या ओळीला मात्र दोन्ही रूपे आहेत. 'भिंत रंगव आणि तिचा रंग सांग' या वाक्यातील रंग कोणता?

पोस्टग्रेसने जवळजवळ १९ वर्षे याचे एकच उत्तर दिले : रंगविल्यानंतरचा. ज्यास आधीचा रंग हवा, त्याने तो आधी विचारून ठेवावा. पण कोशाचे संपादक जुना अर्थ नोंदवून ठेवू इच्छितात, तेव्हा हाच मार्ग घातक ठरतो. एकाने जुना अर्थ वाचला. तो नवा लिहिणार तोच दुसऱ्याने आपली दुरुस्ती करून टाकली. मग पहिल्याची आज्ञा त्या दुरुस्तीवरच फिरली. इतिहासाच्या नोंदीत मात्र पहिल्याने वाचलेला अर्थच 'जुना' म्हणून राहिला, आणि दुसऱ्याची दुरुस्ती कोठेही न नोंदता नाहीशी झाली. ओळीस आधी कुलूप घालून, म्हणजे 'सिलेक्ट फॉर अपडेट' वापरून, हे टाळता येत होते. परंतु ती दक्षता प्रत्येकाने प्रत्येक वेळी घ्यावयाची होती. २०२५ साली १८ व्या आवृत्तीत 'ओल्ड' आणि 'न्यू' ही दोन विशेषके आली :

अपडेट चिठ्ठ्या सेट अर्थ = '...' व्हेअर क्रमांक = ४१२ रिटर्निंग ओल्ड.अर्थ, न्यू.अर्थ;

आता जो अर्थ खरोखर पुसला गेला तोच 'ओल्ड' म्हणून हाती येतो. इतरत्र हा विचार आधीच झाला होता. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने २००५ च्या आवृत्तीतच 'आउटपुट' या पदाबरोबर 'डिलीटेड' व 'इन्सर्टेड' अशी दोन्ही रूपे उपलब्ध केली होती. आयबीएमच्या डीबी-टू मध्ये तर संपूर्ण आज्ञा 'फायनल टेबल' किंवा 'ओल्ड टेबल' या नामाच्या कंसात घालून तिच्यावर 'सिलेक्ट' चालविता येते. म्हणजे तेथे पृच्छा मुख्य आणि आज्ञा तिचे अंग, जवळजवळ मराठीसारखेच. एसक्यूलाइटने २०२१ साली पोस्टग्रेसचीच शब्दयोजना स्वीकारली.

परत आलेल्या ओळी पुढच्या आज्ञेलाही देता येतात. ९.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, 'विथ' या पदाखाली 'डिलीट' लिहून तिने परत केलेल्या ओळी त्याच वाक्यात जुन्या चिठ्ठ्यांच्या तक्त्यात 'इन्सर्ट' करता येतात. अशा वाक्याचे सारे भाग संग्रहाचे एकच, आरंभीचे चित्र पाहतात. एकाने तक्त्यात केलेला बदल दुसऱ्यास दिसत नाही. त्यांच्यात निरोप जातो तो केवळ 'रिटर्निंग'मधून.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावयास हवे. 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग', म्हणजे ओळ आधीच असल्यास काही करू नये, असे सांगितल्यास त्या आधीच्या ओळीबद्दल काहीच परत येत नाही. 'पडवी' अगोदर नोंदलेली असेल तर तिचा क्रमांक येईल ही अपेक्षा फोल ठरते. ज्यास हात लागला नाही, त्याविषयी आज्ञा बोलत नाही. दुसरे असे की परत आलेले मूल्य हा बदल कायम झाल्याचा दाखला नव्हे. व्यवहार पूर्ण होण्यापूर्वीच उत्तर मिळते आणि नंतर तोच व्यवहार मागे घेतला जाऊ शकतो. त्या वेळी चिठ्ठी उरत नाही, आणि अनुक्रमातून खर्च झालेला तिचा क्रमांकही पुन्हा दिला जात नाही. म्हणून तो क्रमांक कागदावर उतरविण्याआधी 'कमिट' झाले की नाही, हे पाहावे लागते.