खर्च कोणत्या वर्षाचा?

पूर्वी बहुतेक पेढ्यांचे हिशेबाचे वर्ष दिवाळीला संपत असे. वहीपूजन होऊन नवी वही उघडली जाई. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ही कालगणना निसर्गाशीही जुळणारी होती. कारण दिवाळीपर्यंत आंबा-काजूचा हंगाम सरलेला असे आणि त्या मालाचा जमाखर्च बव्हंशी मिटलेला असे. आयकरासाठी १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून सर्वांना ३१ मार्च ही एकच वर्षअखेर लागू झाली. कोकणात ही तारीख ऐन हंगामात येते. काजू बी कारखान्यात येत असते, हापूसच्या पेट्या बाहेर पडत असतात, तारकर्लीच्या निवासांत मे महिन्याची आगाऊ नोंदणी चालू असते. त्यामुळे ‘हा खर्च या वर्षाचा की पुढच्या?’ हा प्रश्न येथील व्यावसायिकास इतरांहून अधिक भेडसावतो.

हिशेबाच्या पद्धती दोन आहेत. पैसे हातातून जातील तेव्हाच खर्च लिहायचा, ही रोख पद्धत. देणे उत्पन्न होईल तेव्हा खर्च लिहायचा, मग पैसे केव्हाही जावोत, ही उपार्जन पद्धत. व्यापारी तिला मर्कंटाइल म्हणतात. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४५ नुसार व्यावसायिकाने यांपैकी एक पद्धत नियमितपणे पाळावयाची असते. दोहोंची सरमिसळ चालत नाही. कंपन्यांना तर २०१३ च्या कंपनी कायद्याने उपार्जन पद्धतच बंधनकारक केली आहे.

समजा, एका काजू कारखानदाराने मार्चमध्ये वीस लाखांची बी रोखीने घेतली. महिनाअखेर त्यांपैकी पाच लाखांची बी फोडून, गर विकून झाला. उरलेली पंधरा लाखांची बी हा खर्च नव्हे. तो शिल्लक माल आहे आणि ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस बसतो. त्याच महिन्यात वापरलेल्या खोक्यांचे १,२०,००० रुपयांचे बिल ८ एप्रिलला आले, ८०,००० रुपयांची मजुरी ७ एप्रिलला दिली गेली आणि १८,००० रुपयांचे वीजबिल त्यानंतर आले. हे २,१८,००० रुपये एप्रिलमध्ये दिले तरी खर्च मार्चचाच. त्याची नोंद ‘अदत्त खर्च’ म्हणून झाली पाहिजे. उलट, १ जानेवारीस भरलेल्या ६०,००० रुपयांच्या वार्षिक विम्यापैकी तीन महिन्यांचे १५,००० रुपयेच या वर्षाचे. बाकीचे ४५,००० रुपये ‘पूर्वदत्त खर्च’ म्हणून पुढे न्यायचे.

बिल आले नाही म्हणून खर्च झाला नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. केदारनाथ ज्यूट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हेच तत्त्व अधिक दूर नेले. कंपनीने विक्रीकराच्या आकारणीविरुद्ध दाद मागितली होती आणि वहीत त्याची नोंदही केली नव्हती. तरीही विक्री होताच कायद्याने देणे उत्पन्न झाले, म्हणून मर्कंटाइल पद्धतीत ते त्याच वर्षी वजा मिळेल, असा निर्णय झाला.

मात्र जे देणे अजून उत्पन्नच झालेले नाही, ते आधी लिहिता येत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौकेची डागडुजी करावी लागणार, हे मालवणच्या प्रत्येक नौकामालकास मार्चमध्येच ठाऊक असते. पण काम झालेले नाही, कोणाचे देणेही लागलेले नाही. म्हणून त्याची तरतूद ३१ मार्चच्या हिशेबात बसत नाही. खर्च होणार हे नक्की असणे आणि देणे लागणे, यांत अंतर आहे.

आयकरात या तत्त्वाला महत्त्वाचे अपवाद आहेत. कलम ४३ब नुसार कर, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, बँकेचे व्याज अशी देणी प्रत्यक्ष भरल्यावरच वजा मिळतात. मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरली तर त्याच वर्षी मिळतात. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून सूक्ष्म व लघु उद्योगांची देणीही या कलमात आली आणि त्यांना विवरणपत्राच्या मुदतीची सवलत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. वरील खोकी उद्यम नोंदणी असलेल्या लघु उत्पादकाने ४५ दिवसांच्या करारावर १० मार्चला पोचवली असतील, तर २४ एप्रिलपर्यंत पैसे दिल्यास खर्च मार्चअखेरच्या वर्षात मिळेल. मे महिन्यात दिल्यास वहीत खर्च जुन्याच वर्षाचा राहील, आयकरात मात्र तो पुढच्या वर्षी वजा होईल. शिवाय उशिराचे चक्रवाढ व्याज द्यावे लागेल आणि तेही आयकरात खर्च म्हणून चालणार नाही. निव्वळ व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालास हा नियम लागू नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे ध्यानी ठेवावे.

बँकेच्या टेबलापलीकडून अनेक वर्षे ताळेबंद वाचले, त्यावरून एक सांगावेसे वाटते. मार्चची देणी लपवून फुगवलेल्या नफ्यावर कर्जमर्यादा वाढवून घेता येते. पण एप्रिल-मे मध्ये तीच देणी दारात उभी राहतात आणि पाऊस लागताच विक्री मंदावते. व्याज मात्र पावसाळ्यातही थांबत नाही. असा हिशेब बँकेपेक्षा मालकालाच अधिक फसवतो, आणि त्याचा भार अखेर घरावर येतो.

म्हणून वर्षअखेरीस तीन गोष्टी कराव्यात. माल प्रत्यक्ष मोजून शिलकीची यादी करावी. मार्चमध्ये मिळालेल्या पण बिल न आलेल्या माल-सेवांची टिपणी ठेवून, एप्रिलमध्ये येणारे प्रत्येक बिल तिच्याशी ताडून पाहावे. आणि प्रत्येक लघु पुरवठादाराच्या नावापुढे उद्यम क्रमांक, माल स्वीकारल्याची तारीख व देण्याची मुदत लिहावी. एका दिवसाचे हे काम आहे. ते नीट झाले, तर पुढची खरेदी किती करावी आणि कर्ज किती घ्यावे, याचे उत्तर आपल्याच वहीत सापडते.